वांगावरचे तीन घटकांचे क्रीम: आठ आठवडे लावून आणि सहा महिने थांबून

थोरल्या मुलीच्या वेळी सहावा महिना लागला आणि माझ्या दोन्ही गालांवर वांग आला. बाळंतपणानंतर तो आपोआप जाईल असे सासूबाई म्हणाल्या होत्या आणि पुष्कळ बायकांचा तो जातोही. माझा मात्र थोडा फिकट होऊन तिथेच राहिला आणि धाकट्याच्या वेळी वरच्या ओठावरही उतरला. मुलगी आता अकरावीत आहे. मधल्या सोळा वर्षांत जायफळ दुधात उगाळून लावणे, मसुराच्या डाळीचे पीठ, संत्र्याची साल, असे सगळे आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात होऊन गेले. जायफळाने चेहऱ्याला वास चांगला येत असे, यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी पहिल्यांदा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले आणि त्यांनी लिहून दिलेले तीन घटकांचे क्रीम आठ आठवडे लावले. जानेवारीच्या सुरुवातीला ते बंद केले. हा मजकूर मी जुलैत लिहीत आहे, कारण या क्रीमविषयी काही सांगायचे तर ते लावत असताना सांगून उपयोग नाही, बंद केल्यावर चेहरा कसा राहतो ते पाहूनच सांगितले पाहिजे, असे माझे मत झाले आहे. माझ्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन असेटोनाइड हे स्टिरॉईड ०.०१ टक्के होते. अशी क्रीमे एकाहून अधिक कंपन्या काढतात, त्यामुळे ब्रँडच्या नावाऐवजी घटक आणि त्यांचे प्रमाण सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. दुकानात उभे राहिल्यावर खोक्यावर तेच वाचायचे असते.

इतकी वर्षे मी डॉक्टरांकडे गेले नाही, त्याला आळसाखेरीज भीतीचेही कारण होते. निपाणीकडे दिलेल्या आमच्या वन्संनी याच जातीचे एक क्रीम गावातल्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणले होते. पहिल्या महिन्यात त्यांचा चेहरा असा काही उजळला की हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी ट्यूबचे नाव लिहून घेतले. वन्संनी ते अकरा महिने लावले, तेही सकाळ-संध्याकाळ, आणि संपूर्ण चेहऱ्याला पावडरीसारखे. पुढे गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली, पन्नाशीच्या जवळ आल्यावर मुरुम उठले. एक दिवस क्रीम चुकले की "वहिनी, तोंड नुसतं भाजल्यागत होतंय" असा फोन येई आणि ती आग शमवण्यासाठी त्या पुन्हा तेच क्रीम लावत. हा स्टिरॉईडचा परिणाम असतो. चेहऱ्याची कातडी पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे इतक्या वेळा दिसले आहे की अशा चेहऱ्याला त्यांनी स्वतंत्र नावच दिले आहे. स्टिरॉईडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. वन्संनी आपली ट्यूब त्यानंतर घेतली होती, एवढेच नमूद करते. त्यांचा चेहरा सावरायला क्रीम सोडल्यापासून वर्षाहून अधिक काळ गेला आणि शिरा अजून आहेत.

त्यामुळे टिळकवाडीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी या तीन घटकांची नावे लिहिली तेव्हा मी कागद हातात घेऊन उठलेच नाही. वन्संची सगळी हकीकत सांगितली. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "बाई, क्रीम तेच आहे. त्यांनी ते थांबवलं नाही, आणि थांबवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही." मग त्यांनी प्रत्येक घटकाचे काम समजावून सांगितले. कातडीतला काळा रंग म्हणजे मेलॅनिन. तो तयार करणाऱ्या टायरोसिनेज नावाच्या विकराला हायड्रोक्विनोन अडवते, म्हणजे नवा रंग बनणे कमी होते. ट्रेटिनॉइन वरच्या थरातल्या जुन्या पेशी लवकर झडायला लावते, त्यामुळे आधी साठलेला रंगही निघू लागतो आणि हायड्रोक्विनोनला आत शिरायला वाट मिळते. या दोघांमुळे कातडी चुरचुरते, लाल होते, आणि ही चुरचुर स्वतःच काळे डाग पाडू शकते, म्हणून तिसरा घटक म्हणजे सौम्य स्टिरॉईड. ही तिहेरी कल्पना बरीच जुनी आहे: १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी पहिले मिश्रण प्रसिद्ध केले. त्यात घटकांचे प्रमाण आजच्यापेक्षा जास्त होते आणि स्टिरॉईड वेगळे होते. माझ्या ट्यूबमधल्या प्रमाणाच्या क्रीमला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली, तीदेखील आठ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी.

डॉक्टरांनी क्रीम लिहिण्याआधी जे विचारले, तपासले, ते मला क्रीमइतकेच महत्त्वाचे वाटते. खोलीतला दिवा बंद करून त्यांनी वुड्स लॅम्प नावाच्या जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली चेहरा पाहिला. त्या प्रकाशात जे डाग अधिक ठळक दिसतात ते वरच्या थरातले असतात आणि क्रीमने कमी होण्याची शक्यता त्यांची अधिक. खोलवरचे डाग तिथे उठून दिसत नाहीत आणि क्रीमलाही फारसे दाद देत नाहीत. माझे गालावरचे वरचे निघाले, ओठावरचे मिश्र. नंतर प्रश्न आले: गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, दिवस राहण्याची शक्यता आहे का, थायरॉईड आहे का, दमा किंवा सल्फाइटची ॲलर्जी आहे का, केसांना कुठला कलप लावता, रोजचा उन्हातला वेळ किती. सल्फाइट अशासाठी की अशा काही क्रीमांमध्ये ते टिकाऊपणासाठी घातलेले असते. बोलण्याच्या ओघात त्यांनी "बंगू" हा कन्नड शब्द वापरला. आमच्या शाळेजवळच्या भाजीवाल्या आक्का माझ्या गालांना गेली दहा वर्षे तेच म्हणत आल्या आहेत.

माझ्यासोबत आमच्या शाळेतली एक धाकटी शिक्षिका आली होती. तिची मान काळी पडली आहे आणि माझ्याच चिठ्ठीवर तिचेही काम होईल असा आम्हा दोघींचा हिशेब होता. डॉक्टरांनी तिची मान नुसती बोटाने चाचपली. कातडी जाड आणि मखमलीसारखी लागते आहे, हा वांग नव्हे, शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसले की असे होते, असे म्हणून त्यांनी तिला रक्तातली साखर तपासायला आणि वजनाकडे पाहायला सांगितले. ती बाळाचाही विचार करते आहे हे कळल्यावर हे क्रीम तिच्यासाठी कुठल्याही जागी नाही, हेही स्पष्ट केले. त्या काळात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन दोन्ही टाळतात, आणि वांग असलाच तर ॲझेलेइक ॲसिडसारखा पर्याय डॉक्टर पाहतात. एका चिठ्ठीत दोघींचे भागवायला गेलेल्या आम्ही दोन चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडलो.

खरेदीचा अनुभव मात्र चांगला नाही. खडेबाजारातल्या ज्या दुकानात मी गेले तिथे लिहिलेले क्रीम शिल्लक नव्हते. काउंटरवरच्या मुलाने क्षणात दुसरे खोके पुढे केले आणि म्हणाला, "सेमच आहे वो मॅडम, कंपनी तेवढी वेगळी." खोके वाचले तर हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि फ्लुओसिनोलोनच्या जागी मोमेटासोन ०.१ टक्के. पहिले दोन आकडे निम्मे असल्यामुळे हे क्रीम सौम्य आहे असा माझा पहिला समज झाला. दुकानाबाहेर येऊन दवाखान्यात फोन केला तेव्हा कळले की तिसऱ्या आकड्यातच खरी गोम आहे: मोमेटासोन हे माझ्या चिठ्ठीतल्या फ्लुओसिनोलोनपेक्षा बरेच ताकदवान स्टिरॉईड आहे. आपल्याकडे मोमेटासोनची अशी मिश्रणे दुकानोदुकानी सहज मिळतात आणि पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा झटकन उजळतो तो पुष्कळदा त्याच्यामुळे. काही डॉक्टर विचारपूर्वक तेही थोड्या दिवसांसाठी देतात. माझी तक्रार दुकानाने परस्पर बदलून देण्याबद्दल आहे. त्या मुलाने माझी चिठ्ठी नीट उघडूनही पाहिली नव्हती. लिहिलेली ट्यूब मला दोन दिवसांनी दुसऱ्या दुकानात मिळाली.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. ट्यूब पंधरा ग्रॅमची, ॲल्युमिनियमची, क्रीम फिकट पांढरे, जवळजवळ बिनवासाचे. पहिल्या दोन रात्री कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावून पाहिले. फोड किंवा सूज आली नाही म्हणून तिसऱ्या रात्रीपासून चेहऱ्यावर. रात्रीचे जेवण, भांडी झाली की सौम्य साबणाने तोंड धुवायचे, टिपून घ्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, कारण ओल्या कातडीवर ट्रेटिनॉइन जास्त झोंबते. मी तेवढ्यात दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे टाचण काढून ठेवत असे. मग दोन्ही गाल आणि ओठ मिळून एका वाटाण्याएवढे क्रीम. बोटावर घेतलेला तो वाटाणा आधी तुरीच्या डाळीएवढ्या तीन ठिपक्यांत वाटायचा, ठिपके डागांवर टेकवायचे आणि हलक्या हाताने डागाच्या कडेबाहेर अर्ध्या इंचापर्यंत पसरायचे. चोळायचे नाही. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांत न्यायचे नाही. तिथली कातडी नाजूक असते आणि स्टिरॉईड डोळ्यांजवळ सतत लागणे डोळ्यांनाही बाधते. नंतर हात धुवायचे आणि वरून साधे मॉइश्चरायझर लावायचे.

प्रमाणाचा एक हिशेब मी वहीत केला आणि तो मला सगळ्यात उपयोगी पडला. वाटाण्याएवढे क्रीम साधारण पाव ग्रॅम भरते. छप्पन्न रात्री रोज तेवढे लावले तरी चौदा ग्रॅम होतात, म्हणजे पंधरा ग्रॅमची एक ट्यूब पूर्ण आठ आठवडे पुरायला हवी. तुमची ट्यूब तीन आठवड्यांत संपत असेल तर तुम्ही सांगितल्याच्या अडीचपटीहून जास्त क्रीम चेहऱ्याला देत आहात. वन्संना महिन्याला दोन ट्यूब लागत होत्या.

पहिले दहा दिवस सुखाचे नव्हते. चौथ्या दिवशी गाल लाल झाले, सातव्या दिवशी ओठाच्या वर कोंड्यासारखी पापुद्री सुटू लागली आणि तिसरीतल्या एका मुलाने "बाई, तुमच्या तोंडाला खडू लागलाय" असे वर्गात जाहीर केले. थोडी लाली आणि साल निघणे अपेक्षित आहे, फार झोंबले तर एक रात्र सोडायची, सूज किंवा पाण्याचे फोड आले तर मात्र क्रीम थांबवून लगेच यायचे, असे सांगून ठेवलेले असल्यामुळे मी घाबरले नाही. दोन वेळा एकेक रात्र सोडली. तिसऱ्या आठवड्यापासून त्रास जवळजवळ थांबला.

दर रविवारी सकाळी दहा वाजता, स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभी राहून मी एक फोटो काढत होते. आरशावर विश्वास ठेवू नये. ट्यूबलाइटखाली मी बरी दिसत होते आणि स्कूटरच्या आरशात तशीच काळी. फोटोंत चौथ्या आठवड्यात पहिला फरक दिसला: डाग लहान झाले नव्हते, त्यांची कड मात्र पुसट झाली होती, पाण्यात शाई पसरल्यासारखी. सहाव्या आठवड्यात उजवा गाल डाव्याहून पुढे गेला. आठव्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही गाल मिळून माझ्या अंदाजाने तीन चतुर्थांश डाग गेलेला होता आणि ओठावरचा जेमतेम निम्मा. वुड्स लॅम्पखाली डॉक्टरांनी जे सांगितले होते तसेच ते झाले. गोरेपणा मात्र आला नाही आणि येऊही नये. क्रीमचे काम डागाचा रंग आजूबाजूच्या कातडीच्या जवळ आणण्याचे आहे, आणि ज्यांना सगळा चेहरा 'उजळ' करण्यासाठी ते हवे आहे त्यांनी ते घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या काळात दोन प्रसंग टळले. डिसेंबरात संकेश्वरला नात्यातले लग्न होते आणि पार्लरमध्ये ब्लीच, फेशियल आणि वरच्या ओठाला वॅक्स असा बेत बहिणीने परस्पर ठरवला होता. ट्रेटिनॉइनने नाजूक झालेली कातडी वॅक्सबरोबर सोलून येऊ शकते आणि ब्लीचने भाजते. मी फक्त केस करून घेतले. दुसरे म्हणजे मुलीच्या मुरुमांचे बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम आणि माझी ट्यूब एकाच फळीवर होती. हायड्रोक्विनोनवर ते लागले तर कातडीवर काही काळ तपकिरी डाग उठतो, शिवाय मुलीने माझे क्रीम लावण्याचा धोका वेगळाच. माझी ट्यूब कपाटात गेली.

आता सनस्क्रीन. खरे म्हणजे या लेखाचा निम्मा भाग त्याचाच असायला हवा होता, कारण माझ्या खर्चाचा मोठा भाग त्याच्यावर गेला. माझी शाळा खानापूर रस्त्याला आहे. सकाळी स्कूटरवर जाताना ऊन डाव्या गालावर, मैदानातल्या प्रार्थनेला समोरून, आणि दुपारी परतताना पुन्हा तोंडावर. डावा गाल मागे का राहिला हे मला या हिशेबातून कळले. हायड्रोक्विनोन नवा रंग बनणे अडवत असताना ऊन तोच रंग बनवण्याची सूचना कातडीला देत राहते. दोन माणसांनी एकाच हौदात एकाने पाणी भरावे आणि एकाने उपसावे तसा तो प्रकार आहे. डॉक्टरांनी एसपीएफ ३० च्या वरचे, रंगछटा असलेले सनस्क्रीन सांगितले. छटा शोभेसाठी नसते. तिच्यात आयर्न ऑक्साइड असते आणि वांग वाढवणाऱ्या दृश्य प्रकाशाला ते अडवते, जे साध्या पांढऱ्या सनस्क्रीनला नीटसे जमत नाही. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे, आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. मी मधल्या सुट्टीत तोंड पुसून पुन्हा लावत असे. स्कार्फ सगळ्याच बायका बांधतात, मीही बांधते, पण पातळ सुती स्कार्फ उन्हाकडे धरून पाहिला की तो किती अडवतो ते दिसते.

बेळगावच्या हवेने आपल्या सगळ्यांचा एक गैरसमज करून दिला आहे. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, हवा गार, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य दिसतो तोच नवलाईने. त्यामुळे पावसाळ्यात सनस्क्रीन लावणारी बाई आमच्या स्टाफरूममध्ये चेष्टेचा विषय होते. पण ऊन चटका देत नाही म्हणजे अतिनील किरण येत नाहीत असे नाही. त्यातले कातडी काळवंडणारे यूव्हीए किरण ढगांतून बऱ्यापैकी आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. चेष्टा ऐकून घेऊन मी आज सकाळीही ते लावूनच रेनकोट घातला.

क्रीम बंद करण्याची तारीख डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिली होती आणि मी ती मार्करने ट्यूबवरही लिहिली. हे मी आग्रहाने सांगते, कारण आठव्या आठवड्यात चेहरा सर्वांत चांगला दिसत असतो आणि नेमके तेव्हाच थांबणे जिवावर येते. उरलेला डाग पाहून "अजून एक महिना" हा मोह मला पुरता झाला. स्टिरॉईडचे काय होते ते वन्संच्या चेहऱ्यावर पाहिले होते. हायड्रोक्विनोनचेही तसेच आहे. ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लावत राहिल्यास काहींच्या कातडीत निळसर काळा रंग कायमचा बसतो. त्याला ऑक्रोनोसिस म्हणतात आणि तो घालवणे वांग घालवण्यापेक्षा कठीण. युरोपात कातडी उजळवण्याच्या सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोन वापरायला २००१ पासून बंदी आहे आणि अमेरिकेतही २०२० पासून ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मला शेवटचे दोन आठवडे रोजऐवजी एक रात्र आड आणि त्यानंतर ॲझेलेइक ॲसिडचे साधे क्रीम, अशी उतरंड दिली होती. बंद केल्यावर आग, लाली काहीही झाले नाही.

एप्रिल आणि मे मात्र जड गेले. जनगणनेच्या आणि परीक्षेच्या कामांसाठी उन्हात फिरणे झाले, सनस्क्रीन दोनदा संपले आणि मेच्या शेवटच्या रविवारच्या फोटोत डाव्या गालाच्या हाडावर डाग परत आलेला दिसला, नोव्हेंबरइतका नाही, पण आहे. वांग हा बरा होणारा आजार नाही, आटोक्यात ठेवायचा आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते; ते मला तेव्हा कळले आणि मेमध्ये पटले. दुसरी फेरी द्यायची की नाही हे डॉक्टर पावसाळा संपल्यावर पाहून ठरवणार आहेत.

वेष्टनाविषयी माझ्या तक्रारी आहेत. खोक्यावर चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना आहे, पण अक्षर एवढे बारीक की मी चष्मा काढून डोळ्याशी धरून वाचली. आतल्या माहितीपत्रकात आठ आठवड्यांची मर्यादा आहे, गर्भारपणाचा इशारा आहे, सगळे आहे, आणि सगळे इंग्रजीत आहे. सीमाभागात दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा किती मोठी असावी यावरून आपण काय काय पाहिले. चेहऱ्याची कातडी वाचवणाऱ्या त्या घडीच्या कागदावर मात्र मराठीही नाही आणि कन्नडही नाही. वन्संनी अकरा महिन्यांत तो कागद एकदाही उघडला नव्हता, आणि उघडला असता तरी त्यांना वाचता आला नसता. ट्यूबचे झाकणही सैल बसते. पाचव्या आठवड्यात तोंडाशी आलेले क्रीम फिकट तपकिरी पडलेले दिसले. हवा लागली की हायड्रोक्विनोन असेच काळवंडते. तेवढा थर काढून टाकला, आतले पांढरेच होते. सगळेच तपकिरी झाले असते तर ट्यूब फेकायला सांगितले होते. ती उन्हात तापणाऱ्या स्कूटरच्या डिकीत कधीही ठेवू नये.

गुण द्यायचेच तर क्रीमला पाचपैकी साडेतीन देईन: परिणामाला चार, वेष्टन आणि पत्रकाला जेमतेम दोन. डॉक्टरांना पूर्ण पाच, आणि त्यांनी दिलेल्या वीस मिनिटांना त्याहून अधिक देता आले असते तर दिले असते.

ट्यूब बंद केली तेव्हा तीत अजून चारेक ग्रॅम क्रीम होते. समोरच्या घरातल्या काकूंनी माझे गाल पाहिले होते आणि फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचे लग्न होते. "नाहीतरी वायाच जाणार, तर आमच्या पोरीला दे की," असे म्हणून त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी त्यांना दवाखान्याचा पत्ता आणि वेळ लिहून दिली. त्या जरा रुसूनच गेल्या. मग जुन्या वर्तमानपत्रावर ट्यूब शेवटच्या घडीपर्यंत पिळून रिकामी केली, कागद गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि कात्रीने ट्यूबचे दोन तुकडे केले.